चावडीवरचा रेडिओ, उशाखालचा फोन

कुमारवयीन मुलांच्या हातातील फोनविषयी शिक्षक आणि पालक बोलू लागले की चर्चा बहुधा आजच्या तक्रारींपासून सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु एखादे यंत्र घरात शिरावे आणि त्यामुळे घरातल्या माणसांची ऊठबस बदलावी, असे काही पहिल्यांदाच घडत नाही. म्हणून आपण सत्तर वर्षे मागे जाऊ आणि पुणे जिल्ह्यातच झालेल्या एका प्रयोगापासून सुरुवात करू. तो प्रयोग रेडिओचा होता, मुलांचा नव्हता. तरीही आजच्या प्रश्नाला लागणारी एक मोलाची गोष्ट त्यातून हाती लागते.

१९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या दहा आठवड्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ग्रामीण श्रोत्यांसाठी मराठीतून वीस कार्यक्रम प्रसारित केले. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास. पुण्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत त्यासाठी श्रोता मंडळे स्थापन करण्यात आली. मंडळात पंधरा-वीस गावकरी, त्यांच्यातलाच एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि मध्ये एक रेडिओ. ठरल्या वेळी सर्वांनी जमायचे, कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा आणि मग त्यावर बोलायचे. आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचे, शंका असल्यास पुण्याला कळवायच्या. शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून ही कल्पना घेतलेली होती आणि युनेस्कोचे तिला साहाय्य होते. आकाशवाणीचे महासंचालक त्या वेळी जगदीशचंद्र माथुर होते. हिंदी नाटकांचे वाचक त्यांना 'कोणार्क'चे लेखक म्हणून ओळखतात.

प्रयोगाचे मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते काम पाहत होते पॉल न्यूराथ. मूळचे व्हिएन्नाचे हे समाजशास्त्रज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेले होते. विज्ञानशिक्षकांनी त्यांच्या मांडणीकडे मुद्दाम पाहावे. मंडळे असलेली गावे निवडली गेलीच; पण त्यांच्या जोडीला रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशीही गावे तुलनेसाठी घेतली गेली. कार्यक्रमांआधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. काही गावांनी विहिरी खोदायचे ठरवले, काहींनी सुधारित जातीचे वळू आणि कोंबड्या आणल्या, काही ठिकाणी बालवाड्या निघाल्या. आणि रेडिओ असलेल्या, पण मंडळ नसलेल्या गावांत? तिथे फारसा फरक पडला नव्हता. कार्यक्रम तोच होता, यंत्रही तेच होते.

म्हणजे परिणाम एकट्या यंत्राचा नव्हता. यंत्राभोवती कोण बसते, किती वेळ बसते, ते बंद केल्यावर काय करते, या सगळ्या बसवणुकीचा तो परिणाम होता. पुढे नोव्हेंबर १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली, त्यांची संख्या हजारांत गेली आणि नंतर ती हळूहळू विरली. स्वस्त ट्रान्झिस्टर घरोघरी आणि शेताच्या बांधावर पोचल्यावर चावडीवर जमण्याची गरज कुणाला उरली असेल?

त्या चावडीचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. संध्याकाळी चावडीवर बाया आणि मुली येऊन बसत नसत. सर्वांचे म्हणवले जाणारे ठिकाण निम्म्या गावाचे नव्हते, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवू.

भोंगा आणि सभा

बारामती-इंदापूरचा मुलूख वेळापत्रकाला सरावलेला आहे. १८८० च्या दशकात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी इकडे आले आणि पाण्याबरोबर पाळी आली. कालव्याची पाळी चुकली तर पीक चुकले. पुढे उसामागून साखर कारखाने आले: वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. गळिताच्या हंगामात कारखान्याचा भोंगा ही आसपासच्या गावांची घड्याळेच. भोंगा झाला की कामावरची पाळी बदलते, कुणाचे वडील घरी येतात, कुणाचे निघतात.

घरात आलेली पहिली यंत्रेही अशीच वेळ पाळणारी होती. आकाशवाणीच्या प्रसारणाला 'सभा' म्हणतात हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. सकाळची सभा, दुपारची सभा, रात्रीची सभा. सभा भरते तशी ती संपतेही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि थोड्याच काळात सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. सुरुवातीला प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच असे. संच आळीत एखाद्याकडे. उंच लोखंडी पाइपावर अँटेना, ती फिरवायला एक मुलगा गच्चीवर, 'आलं का?' 'गेलं!' असा संवाद, आणि दाराशी चपलांचा ढीग. 'ज्ञानदीप' या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी तर ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली. १९५६ च्या प्रयोगाचीच ती धाकटी बहीण म्हणायची. २५ जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष रविवारी सकाळी 'रामायण' लागले की रस्ते ओस पडत, पण ओस पडलेल्या रस्त्यावरची माणसे कुठेतरी एकत्रच बसलेली असत.

तेव्हाही तक्रारी होत्याच. मुले अभ्यास करीत नाहीत, बायका मालिकांपुढून उठत नाहीत, डोळे बिघडतात. १९९० नंतर केबल आली, वाहिन्या वाढल्या, प्रसारण चोवीस तासांचे झाले. तरीही घरात पडदा एकच होता, त्याचे रिमोट कोणाकडे यावर भांडण होई, आणि भांडायलाही माणसे एका खोलीत असावी लागतात. शिवाय पुढच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन सोसले. महावितरणने दिवसाचे कित्येक तास टीव्ही बंद ठेवला. ते कुणाच्या मर्जीने झाले नव्हते आणि ते पुन्हा यावे असे कोणी म्हणणार नाही. पण अंधारात ओसरीवर बसून बोलण्याची वेळ त्याने काढून दिली, हेही खरे.

थोडक्यात, त्या काळात यंत्राला वेळ, जागा आणि सोबत या तिन्ही गोष्टी आपोआप मिळत होत्या. त्या कुणी विचारपूर्वक दिल्या नव्हत्या, टंचाईने दिल्या होत्या.

टंचाई संपली

टेलिफोनची गोष्ट याहून वेगळी नाही. आधी तो शेजाऱ्यांकडे, मग एसटीडी बूथवर, मग आपल्या बैठकीच्या खोलीत. कुणाशी काय बोललो ते घराला ऐकू येणारच. भारतातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. पण कितीतरी वर्षे मोबाइल म्हणजे बोलण्याचे यंत्र आणि तेही महागडे. खरा बदल सप्टेंबर २०१६ मध्ये आला. जिओची सेवा सुरू झाली, काही महिने इंटरनेट फुकट मिळाले, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. तरीदेखील 'असर' या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणानुसार २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले.

या तीन वर्षांच्या मधोमध मार्च २०२० आहे. शाळा बंद झाल्या, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा राज्य शासनाचा उपक्रम सुरू झाला आणि वर्ग व्हॉट्सॲपवर भरू लागले. ज्या घरात फोन नव्हता तिथे तो उसने पैसे घेऊन आणला गेला. मुलाच्या हाती फोन देणे हा तोवर लाडाचा भाग होता; तो आता पालकांच्या कर्तव्याचा भाग झाला. शिक्षकांनी हे मान्य करायला हवे, त्यात दोष पत्करण्यासारखे काही नाही. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग कोणता होता? पण शाळा उघडल्यावर फोन परत घेण्याची मात्र कोणतीही योजना कुणापाशी नव्हती. २०२४ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे सांगणारे ५७ टक्के, समाजमाध्यमे पाहिली असे सांगणारे ७६ टक्के. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के होत्या. चावडी जुनीच आहे, असे हा शेवटचा फरक पाहून वाटते. ज्या मुलीला एरवी गावाबाहेरचे जग दिसत नाही, तिच्यासाठी हा फोन खिडकी आहे. मुलांच्या फोनवर सरसकट बंदी घालायची ठरते, तेव्हा सर्वांत आधी कोणाचा फोन काढून घेतला जातो हे शिक्षकांनी पाहावे.

जे संपत नाही

फोन आणि त्याआधीची यंत्रे यांत तांत्रिक फरक पुष्कळ आहेत. माझ्या मते मानसिक दृष्ट्या महत्त्वाचा फरक एकच: सभा संपते, फोन संपत नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, मालिकेचा आजचा भाग संपतो. बोटाने सरकवत राहावे आणि खाली नवीन मजकूर येतच राहावा ही रचना अमेरिकी संगणकतज्ज्ञ एझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये केली. वाचकाला पुढचे पान उघडण्याचे कष्ट पडू नयेत एवढाच हेतू होता. आपण काय केले याची खंत पुढे त्यांनीच जाहीरपणे व्यक्त केली. पान उलटण्याचा तो क्षणभराचा थांबा म्हणजे 'आता पुरे' असे मनाशी म्हणण्याची जागा होती, ती गेली.

याला जोड मिळाली एका जुन्या शोधाची. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटीतील कबुतर चकतीवर चोच मारते आणि त्याला दाणा मिळतो. दाणा ठरावीक चोचींनंतर मिळत असेल तर दाणा खाऊन कबुतर थोडे थांबते. पण दाणा कधी तीन चोचींनंतर, कधी तीसनंतर, असा अनियमित मिळू लागला तर ते जवळजवळ न थांबता टोचत राहते आणि दाणा बंद झाल्यावरही बराच काळ सोडत नाही. जुगाराच्या यंत्रात हेच तत्त्व आहे. पुढच्या चित्रफितीत काहीतरी भारी असेल किंवा नसेलही, कुणी आपल्या छायाचित्राला पसंती दिली असेल किंवा नसेलही, यातही तेच आहे. मुलगा आळशी आहे किंवा मुलगी बिघडली आहे असे म्हणण्याआधी हे कबुतर आठवावे. वर्गात ते शिकवावेच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपल्यावर कोणती युक्ती चालवली जात आहे हे कळले की त्यांचा स्वाभिमान जागा होतो.

आता झोपेचे पाहू, कारण मुलांच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न पुष्कळदा झोपेचाच प्रश्न असतो. पौगंडावस्थेत शरीरातील घड्याळ मुळातच मागे सरकते. मेलॅटोनिन हे झोपेची सूचना देणारे संप्रेरक उशिरा स्रवू लागते. अमेरिकेतील मेरी कार्स्काडन यांनी यावर दीर्घकाळ काम केले आहे. म्हणजे दहावीतल्या मुलाला दहा वाजता झोप येत नाही यात त्याचा हट्ट कमी आणि वय जास्त. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असते आणि शाळेची घंटा मात्र सकाळी लवकर होते. आधीच ओढग्रस्तीच्या या हिशेबात फोन येतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका प्रयोगात बारा तरुण प्रौढांनी झोपण्यापूर्वी चार तास, काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री उजळ पडद्यावरचे पुस्तक वाचले. पडद्यामुळे मेलॅटोनिनची वेळ सुमारे दीड तास पुढे गेली. पण प्रत्यक्ष झोप लागायला उशीर झाला तो सरासरी दहा मिनिटांचा. वर्तमानपत्रांत पहिला आकडा छापून येतो, दुसरा येत नाही. निळ्या प्रकाशाचे चष्मे विकणाऱ्यांना तो आवडणारही नाही. रात्री एकपर्यंत जागणारा मुलगा प्रकाशामुळे जागत नाही. वर्गाच्या गटात आपल्यावाचून काहीतरी चालले असेल या धास्तीने जागतो. म्हणून फोन उशाखाली असतो.

आकड्यांचा वाद

फोनमुळे मुले दुःखी होतात का? या प्रश्नावर संशोधकांत एकमत नाही आणि ते तसे शिक्षकांना सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. मुलांच्या स्वास्थ्यात जो कमीअधिकपणा दिसतो त्याचा फार तर ०.४ टक्का भाग त्यांच्या डिजिटल वापराशी जुळतो, असे त्यांना आढळले. उलट जोनाथन हाइट यांनी २०२४ च्या आपल्या पुस्तकात, २०१० नंतर अनेक देशांत मुलांमधील, विशेषतः मुलींमधील नैराश्य वाढले त्याला मुख्यतः फोनच कारणीभूत असल्याचे मांडले. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती ठेवण्यास मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून 'गेमिंग'चा विकार आहे. 'मोबाइलचे व्यसन' अशी स्वतंत्र नोंद त्यात नाही. ऊठसूट प्रत्येक मुलाला व्यसनी म्हणणे म्हणूनच बरोबर नाही.

मला वाटते, सरासरी तास मोजण्यात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. १९५६ साली केवळ 'गावात रेडिओ आहे की नाही' एवढेच विचारले असते, तर रेडिओचा परिणाम नगण्य आहे असाच निष्कर्ष निघाला असता. फोनने काय हिसकावले, हे विचारायला हवे. झोप? मैदान? जेवतानाचे बोलणे? एक मुलगा दोन तास फोनवर बुद्धिबळ शिकतो आणि दहाला झोपतो. दुसरा तेवढेच दोन तास मध्यरात्रीनंतर पांघरुणाखाली काढतो. सरासरीत दोघे सारखेच.

आणि घरातल्या मोठ्यांचे काय? एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तान्ह्या मुलाशी हसत-बोलत असलेली आई काही क्षण चेहरा निर्विकार करून नुसती बसते. मूल आधी तिला हसवू पाहते, हात पुढे करते, मग अस्वस्थ होते आणि शेवटी नजर फिरवते. चौदा वर्षांचा मुलगा तान्हा नाही, पण फोनकडे पाहणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. नजर फिरवायला त्या मुलापाशी आता स्वतःचाही फोन असतो.

बारामतीच्या घरात हा गुंता अधिकच आहे. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्री येत आली, म्हणून फोनवरून मोटार चालू-बंद करण्याची सोय शेतकऱ्यांनी उचलली. दुधाचा हिशेब, हवामान, बाजारभाव सारे फोनवर. २०२४ पासून बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगात तर उसाला पाणी किती द्यावे, खत कधी द्यावे याच्या सूचना उपग्रह आणि संवेदकांच्या नोंदींवरून तयार होऊन शेतकऱ्याच्या फोनवर येतात. वडील जेवताना फोन पाहतात तेव्हा ते मोटार पाहत आहेत की चित्रफिती, हे समोर बसलेल्या मुलीला कळायला मार्ग नसतो. तिच्या फोनमध्ये भूमितीचा वर्ग आहे की आणखी काही, हे वडिलांना कळत नाही. टीव्हीच्या काळात घरातला प्रत्येक जण काय पाहतो ते सर्वांना दिसत होते. आता संशय दोन्ही बाजूंनी आहे, आणि घरातली बरीच भांडणे या संशयाची असतात, फोनची नसतात.

वडगावचा भोंगा

टंचाईने जे दिले ते ठरवून मिळवता येते का, याचा प्रयत्न उसाच्याच मुलखात झाला आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. शाळा उघडल्यावर मुलांचे लक्ष लागत नाही, अशी तिथल्या शिक्षकांचीही तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय आधी महिलांच्या ग्रामसभेत मांडला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने एक रीत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला हवे त्याने चालू करावे. सुरुवातीला आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने वेगळा मार्ग धरला: अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल बंदी आणि दंड.

दोन्हींत फरक आहे. बांशीचा नियम फक्त मुलांसाठी होता. वडगावचा भोंगा मोठ्यांनाही लागू होता, आणि तो 'नाही' म्हणत नव्हता. 'आत्ता नाही' म्हणत होता. शिवाय सातला एकाच वेळी सगळे गाव बंद होत असल्याने गटात आपल्यावाचून काही चालले असेल ही मुलाची धास्तीच उरत नाही. एकट्या घराने फोन बंद केला तर त्या घरातले मूल एकटे पडते. ही गोष्ट पालकसभेत ठरवायची आहे, घरी एकेकट्याने नव्हे, ती यासाठी. न्यूराथ यांच्यासारखी तुलनेची गावे वडगावच्या प्रयोगाला नव्हती, तेव्हा त्याचे फळ टक्क्यांत सांगता येणार नाही.

पण छोटे मोजमाप शाळेतही होऊ शकते. आठवी ते दहावीच्या एका वर्गाने दोन आठवडे एक तक्ता ठेवावा. फोन रात्री किती वाजता खाली ठेवला, तो कोणत्या खोलीत ठेवला, झोप किती वाजता लागली, सकाळी आपणहून जाग आली की उठवावे लागले. पहिला आठवडा नेहमीसारखा जाऊ द्यावा. दुसऱ्या आठवड्यात वर्गातील निम्म्या मुलांनी (चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, स्वेच्छेने पुढे आलेल्या नव्हे) रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवावा. तक्त्यावर नावे नकोत, क्रमांक पुरेत. ज्यांच्या घरी फोन एकच आहे त्यांची नोंद वेगळी करावी. आणखी एक रकाना जेवणाच्या वेळेचा ठेवावा: ताटावर बसलेल्यांपैकी किती जणांनी फोन हातात घेतला. हा रकाना मोठ्यांसाठी आहे आणि तो मुलांनी भरायचा आहे.